फोनमधली नर्सबाई: बाळंतपणात व्हॉट्सॲप कुठवर चालतं?

यवतमाळ जिल्ह्यातल्या माझ्या माहेरच्या गावात मोबाइलला धड रेंज येते ती एकाच जागी, पाण्याच्या टाकीखाली. गेल्या वेचणीच्या दिवसांत माझी भावजय आठ महिन्यांची पोटुशी होती. एका संध्याकाळी तिने आपल्या सुजलेल्या पायांचा फोटो काढला, टाकीखाली जाऊन उपकेंद्रातल्या नर्सबाईंना पाठवला आणि खाली लिहिलं, "मॅडम, हे नॉर्मल आहे का?" दोन-तीन मिनिटांत बाईंचा आवाजातला निरोप आला: "फोटोत बीपी दिसते का वं माय? पायाचं राहू दे, डोकं दुखते का थे सांग. अन् उद्या सकायी नऊच्या आत सेंटरवर ये, नवऱ्याले घेऊन ये."

सकाळी बीपी निघालं १५०/१००. लघवीतही प्रथिनं सापडली. तिथूनच १०२ ची गाडी, मग ग्रामीण रुग्णालय, मग जिल्ह्याचं ठिकाण. आज माय-लेकरू दोघंही बरे आहेत, म्हणून हे लिहायला हात उचलतो.

याच फोनवर चार महिने आधी दुसरंही काही घडलं होतं. गावात सिकलसेलची तपासणी झाली आणि निकालाची छापील यादी कुणीतरी फोटो काढून ग्रुपवर टाकली. ग्रुपमध्ये नर्सबाई, आशाताई, अंगणवाडी सेविका होत्या. ग्रामपंचायतीचा शिपाई, दोन सदस्य आणि कधीकाळी कुणीतरी ॲड केलेली पाच-सहा माणसंही होती. यादीत भावजयीच्या नावापुढे 'एएस' ही दोन अक्षरं होती. दिवेलागणीला आई किराणा दुकानात गेली तर मागून प्रश्न आला, "सुनेले सिकल निघाला म्हणते?" ज्याने यादी टाकली त्याच्या मनात वाईट काही नव्हतं. राहिलेल्या बायांनी तपासायला यावं एवढाच हेतू होता.

एकाच फोनने एकदा जीव सांभाळला आणि एकदा घरची गोष्ट चव्हाट्यावर आणली. बाळंतपणाच्या कामात हा फोन आता इतका मिसळला आहे की तो वापरावा की नाही, हा प्रश्नच शिल्लक नाही. कोणतं काम त्याचं आणि कोणतं नाही, एवढंच समजून घ्यायचं आहे.

आधी माणसं ओळखू

बोलताना आपण सगळ्यांना सरसकट 'सिस्टर' म्हणून मोकळे होतो, पण प्रत्येकीचं काम वेगळं. सुईण म्हणजे गावात परंपरेने बाळंतपण करणारी बाई. हात अनुभवी, पण नोंदणी नाही. आशाताई २००५ पासून आल्या. साधारण हजार लोकवस्तीला एक, गावातलीच सून, पगार नाही, कामाप्रमाणे मोबदला. त्या बाळंतपण करत नाहीत. बाईला दवाखान्याशी जोडतात. एएनएम म्हणजे आपल्या नर्सबाई. या शिकलेल्या आणि नोंदणी झालेल्या असतात. नियमाप्रमाणे मैदानी भागात ५,००० लोकांमागे आणि आदिवासी किंवा डोंगराळ भागात ३,००० लोकांमागे एक उपकेंद्र असतं, तिथे त्यांची नेमणूक.

आणि मिडवाइफ? शब्दशः पाहिलं तर एएनएमच्या नावातच तो शब्द दडलेला आहे: सहायक परिचारिका आणि प्रसाविका. पण जगात ज्यांना मिडवाइफ म्हणतात त्या गरोदरपणापासून बाळंतपणानंतरपर्यंत एकाच बाईसोबत राहतात, नैसर्गिक प्रसूती स्वतःच्या जबाबदारीवर करतात आणि काही बिघडतंय असं दिसलं तर डॉक्टरकडे सोपवतात. भारत सरकारने २०१८ मध्ये अशा खास प्रसाविका तयार करायचं धोरण आणलं. परिचारिकांसाठी दीड वर्षाचं प्रशिक्षण ठरलं. विदर्भाच्या खेड्यात मात्र आजही ते काम एएनएम आणि आशाताई मिळून ओढतात, म्हणून या लेखात 'नर्सबाई' म्हटलं की एएनएम समजा.

फोन कुठे कामी येतो? तीन उशीर

बाळंतपणात बाया का दगावतात, याचा विचार करताना सेरीन थॅडियस आणि डेबोरा माइन या दोन अभ्यासकांनी १९९४ मध्ये एक साधी मांडणी केली. मृत्यूच्या मागे बहुतेक वेळा तीनपैकी एक उशीर असतो. पहिला, घरून निघायचं ठरवायला उशीर. दुसरा, दवाखान्यापर्यंत पोहोचायला उशीर. तिसरा, दवाखान्याच्या दारात पोहोचल्यावरही उपचार सुरू व्हायला उशीर.

पहिला उशीर आपल्या घराघरात आहे. 'सासऱ्यांना विचारून सांगतो', 'पहिलटकरणीला कळा लवकर येतच नाहीत', 'सोयाबीन काढून होऊ दे'. बाळंतपणानंतर जोराचा रक्तस्राव सुरू झाला तर बाईकडे दोनेक तासांचाच अवधी असू शकतो. तेवढ्या वेळात बैठक बसवून निर्णय घेणं परवडत नाही. नर्सबाईंचा आवाज घरात पोहोचला की हा उशीर तुटतो. आमच्याकडे तेच झालं. "उद्या सकायी ये" हे सासूने सांगितलं असतं तर भावाने कापसाची गाडी आधी पाहिली असती. नर्सबाईंनी सांगितलं म्हणून गाडी राहिली.

दुसऱ्या उशिराबाबत मेळघाट आणि भामरागडकडच्या लोकांनी आपल्याला शिकवावं. पर्लकोटा नदीला पूर आला की भामरागड जगापासून तुटतं, आणि तिथे फोनने रस्ता तयार होत नाही. पण जुलै-ऑगस्टमध्ये कुणाची तारीख आहे, हे मे महिन्यातच आशाताईंनी नर्सबाईंना आणि नर्सबाईंनी प्राथमिक आरोग्य केंद्राला कळवलं, तर ती बाई आधीच 'माहेरघरा'त आणता येते. माहेरघर म्हणजे आदिवासी भागातल्या केंद्राला लागून असलेली राहायची सोय. तारखेच्या काही दिवस आधी बाईने सोबतीसह तिथे यायचं, खायचं-राहायचं, आणि कळा सुरू झाल्या की शेजारच्याच दारात जायचं. हे घर भरतं ते निरोप वेळेवर गेला तर.

तिसऱ्या उशिरात फोनचं काम डोळ्यांना दिसत नाही, पण सगळ्यात मोठं तेच आहे. रात्री अकराला उपकेंद्रातून बाई निघाली आणि पुढच्या रुग्णालयाला आधीच कळलं, की अमुक महिने, बीपी इतकं, रक्तगट हा, हिमोग्लोबिन एवढं, तर तिथे कुणी झोपेतून उठतं, खाट तयार होते, रक्त आहे का ते पाहिलं जातं. नाही कळलं तर ती दारात उभी राहते आणि केसपेपर काढण्यापासून सुरुवात होते. पाहुणे येणार असल्याचा फोन आला की आपण आधण ठेवतो. तेच हे.

मग फोटो पाठवूनच तपासणी का होत नाही?

'सगळं व्हिडिओ कॉलवर होतं आता' असं म्हणणाऱ्याला मी जिनिंगवर घेऊन जाईन. सीसीआय, म्हणजे सरकारी कापूस महामंडळ, कापूस घेते तेव्हा ओलावा ८ ते १२ टक्के आहे का ते पाहते. आजवर एका तरी ग्रेडरने व्हॉट्सॲपवर आलेल्या ढिगाच्या फोटोवरून भाव ठरवला का? तो गाडीत हात घालतो, आतला कापूस ओढून पाहतो, यंत्र लावतो. कारण वरचा कापूस कोरडा आणि आतला दमट असू शकतो, आणि फोटो फक्त वरचा दाखवतो.

बाईचं शरीर असंच. बीपी १४०/९० च्या वर गेलं की गरोदरपणात ते जास्त धरतात, पण चेहऱ्यावर काही दिसेलच असं नाही. पायाला सूज पुष्कळ निरोगी बायांनाही येते. उलट डोकं सतत ठणकणं, डोळ्यांपुढे अंधारी, बरगड्यांखाली पोटात दुखणं या गोष्टी धोक्याच्या, आणि त्यांचा फोटो निघत नाही. पांढुरकेपणाचंही तसंच. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत, २०१९-२१ मध्ये, महाराष्ट्रातल्या सुमारे ४६ टक्के गरोदर बायांच्या रक्तात हिमोग्लोबिन कमी आढळलं. गरोदरपणात ते ११ च्या खाली म्हणजे कमी आणि ७ च्या खाली म्हणजे गंभीर. ट्यूबलाइटच्या उजेडात, फोनच्या कॅमेऱ्याने आपोआप गोरा केलेल्या चेहऱ्यावरून हा आकडा कोण सांगणार?

पोटावर हात ठेवून बाळाचं डोकं वर आहे की खाली हे पाहणं, ठोके ऐकणं, बीपीचा पट्टा गुंडाळणं, बोटातून रक्ताचा थेंब घेणं या चारही गोष्टींना हात लागतो. आमच्या नर्सबाईंचं "फोटोत बीपी दिसते का" हे वाक्य म्हणून मला एखाद्या पाठ्यपुस्तकाच्या धड्याएवढं मोलाचं वाटतं. त्यांनी फोटोवरून निदान केलं नाही. फोटो पाहून बोलावून घेतलं.

दूरवरून सल्ला देण्याला कायद्याची चौकटही आहे. २५ मार्च २०२० ला, लॉकडाऊनच्या पहिल्याच दिवशी, टेलिमेडिसिनची नियमावली आली. तिच्यानुसार नोंदणीकृत डॉक्टर फोनवर, व्हिडिओवर, अगदी मेसेजवरही सल्ला देऊ शकतो. नर्सबाई किंवा आशाताई मध्ये दुवा होऊ शकतात, पण औषध लिहिण्याची जबाबदारी डॉक्टरची. उपकेंद्रातून 'ई-संजीवनी' या सरकारी ऑनलाइन सेवेवर डॉक्टरला दाखवतात ते याच नियमांखाली. तेव्हा नर्सबाईंनी फोनवर एखादी गोळी सांगायला नकार दिला तर रागावू नका.

पण व्हॉट्सॲप तर कुलूपबंद असतं ना?

असतं, पण कोणत्या वाटेवर ते समजून घ्या. २०१६ पासून व्हॉट्सॲपचे मेसेज 'एंड-टू-एंड एन्क्रिप्टेड' आहेत. म्हणजे पाठवणाऱ्याच्या फोनमधून निघताना मेसेजला कुलूप लागतं आणि ते उघडतं फक्त घेणाऱ्याच्या फोनमध्ये. मधल्या वाटेत कंपनीलाही वाचता येत नाही. ही लाखबंद पाकिटासारखी सोय झाली. पण पाकीट पोहोचवलं कुठे? चावडीवर. तिथे ते शंभर माणसांनी एकाच वेळी फोडलं. वाटेतली सुरक्षा कितीही पक्की असली तरी चावडीवर तिचा काय उपयोग?

शिवाय ग्रुपमधल्या प्रत्येकाच्या गॅलरीत तो फोटो आपसूक उतरतो. तो फोन पुढे लेकाच्या हातात जातो, गेम खेळताना उघडतो, दुरुस्तीला दिला की दुकानात उघडतो. स्क्रीनशॉट कोण काढतो ते ग्रुपला कळत नाही. तुम्ही 'सगळ्यांसाठी डिलीट' केलं तरी ज्याने फोटो पुढे पाठवला त्याचं काय करणार?

'एएस' या दोन अक्षरांनी काय बिघडतं?

इथे जरा थांबू, कारण विदर्भात हा विषय नाजूक आहे. सिकलसेल हा रक्ताचा आनुवंशिक आजार. गडचिरोली, चंद्रपूर, नागपूर, यवतमाळ, अमरावती असा पट्टाभर तो आढळतो. आईकडून एक आणि वडिलांकडून एक अशी दोन अक्षरं प्रत्येकाला मिळतात. 'एए' म्हणजे दोन्ही चांगली. 'एएस' म्हणजे वाहक: बहुतेकदा काहीही त्रास नाही, शेती करा, लेकरं होऊ द्या, म्हातारे व्हा. 'एसएस' म्हणजे आजार: सांधे धरतात, वेदनेचे झटके येतात, रक्त कमी पडतं, आणि अशा बाईचं बाळंतपण जोखमीचं.

गरोदर बाईची ही तपासणी करायची ती तिला ठपका लावायला नव्हे. ती 'एएस' निघाली तर नवऱ्याची तपासणी करायची असते. दोघंही 'एएस' असतील तर प्रत्येक गरोदरपणात बाळ 'एसएस' असण्याची शक्यता चारात एक. नवरा 'एए' असेल तर बाळाला हा आजार होत नाही. फार तर तेही वाहक होईल. माझा भाऊ 'एए' निघाला. विषय तिथेच संपला, वैद्यकीयदृष्ट्या.

गावात तो संपला नाही. भावजयीच्या माहेरी तिची धाकटी बहीण लग्नाची आहे. यादीचा फोटो आधी त्या गावात पोहोचला, नवऱ्याची तपासणी वगैरे स्पष्टीकरण मागाहून. 'एएस' म्हणजे काय हे ग्रुपवर कुणी लिहिलं नव्हतं. अक्षरं गेली, अर्थ गेला नाही. एक स्थळ 'मुहूर्त जमत नाही' म्हणून परत गेलं. खरं कारण कुणी सांगितलं नाही, आणि आम्ही विचारलं नाही.

गरोदरपणातल्या तपासण्यांत एचआयव्ही, गुप्तरोग, कावीळ यांचेही निकाल असतात. एचआयव्हीची माहिती संमतीशिवाय उघड करायला २०१७ च्या कायद्याने मनाई आहे. गर्भपात करून घेतलेल्या बाईची ओळख २०२१ च्या दुरुस्तीने झाकलेली आहे. अल्पवयीन मुलगी गरोदर असेल तर पॉक्सो, म्हणजे लैंगिक अत्याचारापासून मुलांना संरक्षण देणारा कायदा, लागू होतो, आणि तिची ओळख पटेल असं काही कुठल्याही माध्यमात देता येत नाही. डिजिटल माहितीच्या संरक्षणाचा सर्वसाधारण कायदाही २०२३ मध्ये झाला आहे. पण कलमं पाठ करायची गरज नाही. यादीवर बाईचं नाव आणि तिच्या शरीराची माहिती एकाच ओळीत असेल, तर ती ओळ ग्रुपवर जाऊ नये. 'तपासणी राहिलेल्यांनी बुधवारी यावे' एवढं ग्रुपवर. कोण राहिलं ते आशाताईंनी घरी जाऊन सांगावं.

सरकारी ॲप आहेत, मग ग्रुप कशाला?

हा आक्षेप शहरातले लोक हमखास घेतात, आणि नर्सबाई त्यावर कडू हसतात. ॲप भरपूर आहेत. गरोदर बायांच्या नोंदीसाठी 'अनमोल', लसीसाठी 'यू-विन', अंगणवाडीचा 'पोषण ट्रॅकर'. पण हे सगळे म्हणजे रजिस्टर. रजिस्टरमध्ये लिहून ठेवता येतं, पण 'लवकर या' अशी हाक मारता येत नाही. हाकेसाठी व्हॉट्सॲप. शिवाय ॲपमध्ये भरलेल्या नोंदीचा फोटो काढून 'काम झालं' म्हणून वरच्या ग्रुपवर टाकायची पद्धत सगळीकडे पडली आहे. एकच काम कागदावर, ॲपवर आणि ग्रुपवर असं तीनदा होतं. ऑनलाइन कामाच्या या ओझ्याविरुद्ध आशाताई आणि नर्सबाई किती वर्षं बोलत आहेत.

माझं स्पष्ट मत: नावानिशी फोटो ग्रुपवर जाण्याचं मूळ बहुतेक वेळा या 'पुरावा टाका' संस्कृतीत असतं. बाळंतिणीशेजारी उभं राहून काढलेला फोटो, त्यावर फुलांची चौकट, खाली 'सुखरूप प्रसूती'. त्या बाईला धड पदर सावरायलाही वेळ मिळालेला नसतो. तिला विचारलं असं सगळे सांगतात. दोन तासांपूर्वी बाळंत झालेली बाई, समोर जिने बाळंतपण केलं तीच नर्स. ती 'नको' कशी म्हणेल? त्याला संमती म्हणत नाहीत, भीड म्हणतात.

फोन कुणाच्या हातात असतो?

त्याच राष्ट्रीय पाहणीत, देशभरात, स्वतः वापरतात असा मोबाइल असलेल्या बाया ५४ टक्के होत्या आणि कधीतरी इंटरनेट वापरलेल्या ३३ टक्के. तेव्हापासून चित्र बदललं असेल, तरी आमच्या गल्लीत आजही चार घरं अशी आहेत जिथे स्मार्टफोन एकच आणि तो नवऱ्याच्या खिशात. म्हणजे बाईसाठी पाठवलेला मेसेज आधी नवरा वाचतो. लोहाच्या गोळीची आठवण असेल तर बरंच झालं. पण तिने तांबी बसवण्याबद्दल विचारलं असेल, किंवा घरात मारहाण होते असं सांगितलं असेल, तर उत्तर त्याच्या खिशात जाता कामा नये. जाणत्या नर्सबाई म्हणूनच अशा गोष्टी लिहून पाठवत नाहीत. "लसीकरणाच्या दिवशी ये, बोलू" एवढंच.

लिहिलेलं वाचता न येणारं घर असेल तर आवाजातला निरोप उत्तम, आणि तो घरच्या बोलीत असला तर आणखी. मेळघाटात कोरकू, गडचिरोलीत माडिया-गोंडी, आमच्याकडच्या पोडांवर, म्हणजे कोलामांच्या वस्त्यांवर, कोलामी. पुण्याच्या मराठीत छापलेलं रंगीत पोस्टर तिथे भिंतीची शोभा होतं. साध्या बटणाच्या फोनवरही चालणारी सोय म्हणजे केंद्र सरकारची 'किलकारी', २०१६ ची: चौथ्या महिन्यापासून बाळ वर्षाचं होईपर्यंत दर आठवड्याला एक रेकॉर्ड केलेला कॉल. तिथे उलट प्रश्न विचारता येत नाही, हीच अडचण.

रीलवरच्या सुइणी

आता फोनच्या दुसऱ्या टोकाला येऊ. रात्री जेवणं झाली की भावजय यूट्यूब पाहायची. केशराचं दूध प्यायलं की गोरं बाळ. पोट टोकदार तर मुलगा. आठव्या महिन्यापासून कमी खा, म्हणजे बाळ लहान राहील आणि सिझर टळेल. लोहाची गोळी खाल्ली की शौचाला काळं होतं, म्हणजे ती अंगी लागत नाही.

यातलं शेवटचं आणि त्याआधीचं घातक आहे. गोळीने शौचाला काळं होणं अगदी नेहमीचं. गोळी बंद करायचं ते कारण नाही. ती चहासोबत घेऊ नये, कारण चहाने लोह शोषलं जात नाही. लिंबूपाण्यासोबत घेतली तर उलट फायदा. कॅल्शियमची गोळी तिच्यासोबत नको, वेगळ्या वेळी. कमी खाण्याने बाळंतपण सोपं होत नाही, बाळ अशक्त होतं. अडीच किलोच्या खालचं बाळ सांभाळताना घर कसं जागं राहतं ते ज्याने पाहिलं त्याला विचारा. बाळ जन्मल्यावर पहिला चीक पाजायचाच, आणि सहा महिने आईच्या दुधाशिवाय काही नाही. मध नाही, गुटी नाही, पाणीही नाही.

पोटाच्या आकारावरून मुलगा-मुलगी सांगणाऱ्यांना आपण थट्टेवारी नेतो, पण त्यांच्या व्हिडिओखाली सोनोग्राफीचा फोटो टाकून 'काय आहे सांगा' विचारणारे असतात. गर्भलिंग सांगणं आणि त्याची जाहिरात करणं १९९४ च्या कायद्याने गुन्हा आहे. २०१७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने गूगल, याहू आणि मायक्रोसॉफ्ट यांनाही अशा जाहिराती रोखायला लावलं.

आणि टोकाचं उदाहरण: २०१८ मध्ये तमिळनाडूतल्या तिरुप्पूरला एका शिकलेल्या घरात यूट्यूब पाहून घरीच बाळंतपण करायचा प्रयत्न झाला. रक्तस्रावाने ती बाई गेली. शिक्षिका होती. तेव्हा 'आमच्या खेड्यातल्या अडाणी बाया फसतात' असं कुणी म्हणू नये.

मग नर्सबाईंनी रील करूच नये का?

उलट, करावं. रिकामी जागा राहिली की तिथे केशरवाला येऊन बसतो. बीपीचा पट्टा कसा बांधतात, कळा खऱ्या की खोट्या कशा ओळखायच्या, पिशवीत काय काय भरून ठेवायचं हे आपल्या वऱ्हाडीत सांगणारी नर्सबाई हवीच आहे. बाहुली घेऊन दाखवा, उशी घेऊन दाखवा. खरी बाई, खरं बाळ, खऱ्या वॉर्डाची भिंत नको. ब्रिटनमध्ये नर्स आणि मिडवाइफ यांच्या नोंदणी परिषदेने सोशल मीडियासाठी वेगळी मार्गदर्शिकाच काढली आहे. रुग्णाची माहिती किंवा फोटो विनासंमती टाकला तर नोंदणी धोक्यात येऊ शकते.

तिथलाच आणखी एक प्रयोग मला आवडतो. सॅल्फर्ड विद्यापीठातल्या संशोधकांनी 'फेसमम्स' नावाने गरोदर बायांचे छोटे, बंद फेसबुक गट केले आणि त्यात मिडवाइफ बसवल्या. बाया एकमेकींना विचारत, आणि चुकीचं काही आलं की मिडवाइफ सुधारत. आपल्याकडे हेच पाटावरवंट्याच्या ओट्यावर चालायचं, फक्त ओट्यावर नर्स नव्हती. एका उपकेंद्राच्या हद्दीतल्या पंधरा-वीस गरोदर बाया, एक नर्सबाई, तिथल्या आशाताई, आणि दुसरं कुणी नाही: सरपंच नाही, नवरे नाहीत. 'उद्या ९ तारीख, आरोग्य केंद्रात डॉक्टर तपासणार' असा निरोप तिथे जाऊ शकतो. गोळीने मळमळतं का, हेही तिथे चालेल. 'मला पांढरं जातं' हे मात्र एकटीने, खाजगीत विचारायचं.

निळ्या टिका आल्या, उत्तर नाही

शेवटचा आक्षेप नर्सबाईंचाच. "ग्रुप काढला की रात्री दोनलाही विचारतात, आम्ही झोपाव का नाही?" बरोबर आहे. एका बाईकडे दोन-चार गावं, दिवसभर लसीकरण, संध्याकाळी नोंदी. ग्रुप म्हणजे चोवीस तासांची खिडकी नव्हे, हे पहिल्या दिवशीच सांगून टाकलेलं बरं, वेळ ठरवून.

आणि घरच्यांनी हे पक्कं समजावं, की मेसेज 'पाहिला' म्हणजे कुणी निघालं असं होत नाही. रक्त जातंय, पाणी फुटलंय, झटके येतायत, डोकं फुटतंय, ताप भरलाय, बाळाची हालचाल कमी झाली किंवा थांबली, यापैकी काहीही असेल तर टाइप करत बसू नका. १०८ लावा, नाहीतर १०२. सांगायचं एवढंच: गावाचं नाव, तालुका, कितवा महिना, काय होतंय, आणि गाडीला दिसेल अशी खूण. माता-बाल संरक्षण कार्ड हातात धरून बोला, सगळे आकडे त्यावर असतात. नर्सबाईंना मेसेज नको, कॉल करा. तो नंतर, गाडी निघाल्यावर.

आठवा महिना लागला की फोन रात्री चार्जिंगला लावून ठेवायचा, आणि रेंज एकाच जागी येत असेल तर तिथवर पळणारं माणूस आधीच ठरवायचं. आमच्या घरी टाकीखाली पळायचं काम धाकट्या पुतण्याकडे होतं. त्याने एकदा दिवसा पळून पाहिलं: कुत्री मागे लागली नाहीत तर दीड मिनिट.